डबीधारी गेमर

डबीधारी गेमर हा एकुलत्या एका लॅपटॉपवर पोसला जाणारा जीव आहे. लॅपटॉप घेताना ‘५१२ जीबी आयुष्यभर पुरेल’ असे वडिलांना पटवणारा हाच. पुढे विंडोज, कॉलेजचे प्रोजेक्ट आणि दोन गेम यांतच ती जागा संपते. ‘बाल्डर्स गेट ३’ एकटा १५० जीबी मागतो, वर एसएसडीच हवी म्हणून अडून बसतो. लॅपटॉप उघडायचा म्हटले की घरात वॉरंटीचा विषय निघतो. म्हणून मग बाहेरून जोडायची एसएसडी, म्हणजेच ‘डबी’, येते. आकाराने काडेपेटीएवढी, पण घरात तिला सोन्याच्या वरचा मान.

खरेदीआधीचा त्याचा अभ्यास बारावीच्या अभ्यासाला लाजवणारा असतो. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला तो किंमत नंतर विचारतो, ‘जेन २ आहे ना?’ हे आधी. यूएसबीचे जेन २ म्हणजे १० गिगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण १,००० एमबी. घरी आल्यावर १ टीबीची डबी विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. सामान्य माणूस इथे दुकानदाराच्या नावाने शंख करतो. डबीधारी मात्र सुखावतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, हे सांगायची संधी त्याला मिळते. ही माहिती तो लग्नाच्या पंगतीतही, कोणी न विचारता वाढतो.

खरी कसोटी केबलची. डबीसोबतची केबल वीतभर असते आणि पहिल्याच आठवड्यात ती धाकट्या बहिणीच्या फोनच्या चार्जरला लागते. हा बेसावधपणे चार्जरची केबल डबीला लावतो आणि १०० जीबीचा गेम हलवायला घेतो. वेग ४० एमबीच्या पुढे सरकत नाही. तो पोर्ट बदलतो, विंडोजला दोष देतो, डबीचा ‘लॉट’च खराब निघाला असा निष्कर्ष काढतो. चार्जिंगच्या बऱ्याच केबली यूएसबी २ च्या असतात, हे त्याला ठाऊक असते. ऐनवेळी आठवत नाही एवढेच. मूळ केबल परत मिळाल्यावर आकडा ९०० च्या घरात जातो. पण स्वस्त डबीतली वेगवान कॅशे थोड्या वेळाने भरते, वेग धाडकन कोसळतो, आणि हा जेवण सोडून त्या हिरव्या आलेखासमोर बसून राहतो.

एखाद्या दिवशी विंडोज डबीला ‘ई’ऐवजी ‘एफ’ अक्षर देते. स्टीम लगेच सगळे गेम गायब झाल्याचे जाहीर करते. घरात सुतक पडते. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तो ‘ई’ हेच अक्षर कायमचे नेमून देतो.

डबीमुळे एफपीएस वाढले, असे तो मित्रांना छातीठोकपणे सांगतो. एफपीएस मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर ठरतात. हार्ड डिस्कच्या तुलनेत डबी लोडिंगचा वेळ वाचवते, मोठ्या नकाशाच्या गेममधले अडखळणे कमी करते. हेही त्याला ठाऊक असते, पण दिलेल्या पैशांची लाज राखावी लागते.

डबीत डझनभर अवाढव्य गेम नांदत असतात. रोज रात्री तो खेळतो मात्र ‘व्हॅलोरंट’, आणि ते असते सी ड्राइव्हवर. डबी भरली तरी त्यातले काहीही उडवत नाही. ‘कधीतरी खेळायचेत.’ २ टीबीचे भाव बघून झाले की तो वडिलांसमोर प्रोजेक्टच्या बॅकअपचा विषय काढतो.