पिवळ्या हायलाइटरास खुले पत्र

पिवळ्या हायलाइटरा,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची रीत आहे. ती मी मोडते आहे. तुझ्यावर माझे प्रेम नाही आणि नमस्कार करावा असे तू काही केलेले नाहीस.

माझी पीएच.डी. झाली. मौखिक परीक्षा आटोपली, प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर चढला, आता सहामाही प्रगती अहवालही मागत नाही कुणी. सगळे गेले, तू मात्र डोळ्यांत मुक्काम ठोकून आहेस. संध्याकाळी निव्वळ आनंदासाठी पुस्तक उघडावे, तर दुसऱ्याच पानावर बोटे तुला शोधू लागतात आणि डोके विचारते, हे कुठल्या प्रकरणात बसेल?

तुझा सगळ्यात मोठा गुन्हा 'स्मृतिचित्रे'च्या प्रतीवर घडला. माझा विषय मराठी स्त्रियांची आत्मचरित्रे. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. एवढ्या ऐवजातून तू काय उचललेस? १८९५ चे त्यांच्या नवऱ्याचे धर्मांतर, त्याचा विरह, सोवळे-ओवळे. म्हणजे विद्वानांनी जिथे आधीच बोट ठेवले होते, नेमका तिथेच तू लोळलास! वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराने काय सोसले ते सांगता सांगता ही बाई हसवते. कडू काही शिल्लक न ठेवता हसवते. ती पाने कोरी राहिली, कारण हसू प्रबंधात बसत नव्हते. तू ज्या ओळीवरून फिरलास ती ओळ माझ्याशी बोलायची थांबली आणि पुरावा होऊन बसली. एका जिवंत बाईची तू साक्षीदार करून टाकलीस.

बरे, अभ्यासाला तरी कामी आलास का? जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. अधोरेखन आणि रंगवणे कमी उपयोगाच्या गटात निघाले. तुझ्या शाईतले द्रव्य डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषते आणि दिसणारा करून परत फेकते, एवढीच तुझी करामत. डोळ्यांत भरणे वेगळे, डोक्यात शिरणे वेगळे. मनात उतरणे तर त्याहून फार लांबचे, आणि तिथे तुझे काही कामच नाही.

आमच्या वाचनालयात पुस्तकावर खूण केली तर भरपाई द्यावी लागते. म्हणून मुद्दाम तिथूनच 'बनगरवाडी' आणली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर, मेंढरे, गावाने उभारलेली तालीम आणि मग दुष्काळ. सुरुवातीला तू मागून कुजबुजत होतास: 'ग्रामीण वास्तव', 'स्थलांतर', 'ही ओळ घे'. मी दोन-तीनदा पुस्तक मिटले. पुढे म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या मनात मास्तरविषयी किंतु आला आणि मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, खराखुरा राग. पान कधी उलटले ते कळले नाही. तू कुठे आहेस हे विचारायचेही राहून गेले. इतकी वर्षे हेच तू माझ्यापासून अडवून धरले होतेस: कुणावर तरी रागवायचे, कुणासाठी हळहळायचे आणि त्याचा कुठेही संदर्भ द्यायचा नाही.

तुला मी कचऱ्यात टाकणार नाही. वीजबिलाची अखेरची तारीख, औषधाच्या पाकिटावरची मुदत, रेल्वेच्या तिकिटावरचा डबा क्रमांक, एवढी कामे तुला नेमून दिली आहेत. ती नीट कर. 'स्मृतिचित्रे'ची नवी प्रत मी विकत आणली आहे. ती ज्या खोलीत आहे, तिथे तू यायचे नाहीस.

कळावे,
एक वाचक