लंगडत पंढरपूर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण २५० किलोमीटर. धडधाकट माणसं ते दरवर्षी लाखांनी चालतात, त्यांना सल्ल्याची गरज नाही. ही मार्गदर्शिका उरलेल्यांसाठी आहे : ज्यांचा घोटा सुजलाय, खिशात १४०० रुपये आहेत आणि 'यंदा माउलींबरोबर चालणार' असं जे चार लोकांत बोलून बसले आहेत. प्रस्तुत लेखकाच्या गाठीशी या विषयातला एका वारीचा अनुभव आहे.

१. पूर्वतयारी
सर्वप्रथम पाय मुरगळून घ्यावा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघते. त्याआधीचे दहा-बारा दिवस उत्तम. त्याहून लवकर मुरगळला तर बरा होण्याचा धोका असतो. मी सोसायटीचा जिना वापरला. शेवटची समजून जी पायरी उतरलो, ती शेवटून दुसरी होती. डॉक्टर म्हणतील, तीन आठवडे पाय टेकायचा नाही. त्यांना सांगावं की चालताना पाय निम्मा वेळ वरच असतो.

२. पैसे
दिंडीत नाव घातलं की भिशी भरावी लागते. तीत जेवण, तंबूत जागा आणि ट्रकमध्ये सामान येतं. ती परवडत नसेल तर मोकळ्या समाजात चालावं. कुठल्याच दिंडीत नसलेल्यांना वारीत असं म्हणतात. नाव ऐटदार आहे. अर्थ एवढाच की पिशवी आपल्याच खांद्यावर आणि मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात. मेणकापड मात्र न विसरता घ्यावं. पावसात ते इरलं होतं, रात्री अंथरूण आणि पहाटे शेजाऱ्याचं पांघरूण.

परतीच्या एसटीचे पैसे वेगळे ठेवावेत. मी ५०० ची नोट घडी घालून घोट्याच्या क्रेप बँडेजमध्ये गुंडाळली. लंगड्याच्या पायाला कोण हात लावणार, हा हिशेब.

३. चाल
नवशिका लंगडा पालखीच्या मागे चालतो. ही चूक. पहाटे तीनला उठून पुढे निघावं. म्हातारी माणसं हेच करतात. उजाडल्यावर पालखी हलते तेव्हा आपण गावाबाहेर बरंच अंतर काटलेलं असतं. मग दिवसभर एकेक दिंडी टाळ वाजवत आपल्याला ओलांडून जाते. याला मागे पडणं म्हणत नाहीत, दर्शन म्हणतात.

४. दिवे घाट
पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटरचा. त्यात त्या दिवशी एकादशी, म्हणजे पोटात केळं आणि मूठभर शेंगदाणे. घाटाच्या पायथ्याशी डोक्यावर तुळस घेतलेल्या एका मावशींनी मला आपली काठी पुढे केली. मी म्हटलं, "नको मावशी, चढेन तसाच." त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

"रथाला हितं जादा बैलं जुपत्यात. तू काय माउलीपरीस मोठा?"

काठी घ्यावी.

५. फोड
सासवडपर्यंत ते येतातच. वारीत दर पाच माणसांमागे एक तज्ज्ञ असतो, जो सुई घेऊन फोडात दोरा ओवायला बसतो. त्याला नमस्कार करून फुकट औषधोपचाराचा तंबू गाठावा. मधुमेह असेल तर नमस्कारातही वेळ घालवू नये. हे एवढं कलम गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

६. खर्चाची वही
रोजचा खर्च रोज लिहावा. माझ्या वहीत आळंदीला चहा १० रुपये, पुण्यात बाम ४५, सासवडला बिस्किटं १०. जेजुरीला 'भंडारा, फुकट' असं लिहिलंय आणि पानही पिवळं आहे. वाल्ह्याला शून्य. नीरेला शून्य. वाटेत कुणी पोहे वाढतं, कुणी पिठलं-भाकरी, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतं, कुणी दाढी करून देतं. पैसे पुढे केले की समोरचा असा बघतो जणू आपण त्याची वारी चोरतोय. १४०० रुपयांत कसं भागवायचं याचा सराव मी महिनाभर केला होता. फुकट घेताना चेहरा कसा ठेवायचा, याचा केला नव्हता.

७. पाय देणे
हा सर्वांत अवघड धडा. लोणंदला एका ओसरीवर टेकलो होतो. घरातून सत्तरी ओलांडलेले बाबा तेलाची वाटी घेऊन आले, समोर बसले आणि माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला. मी ओढला. त्यांनी परत घेतला. ही झटापट बघायला दोघं-तिघं थांबले.

"बाबा, तुमच्या वयाच्या माणसानं माझे पाय..."

"माउली, माझे गुडघे गेले. मला चालवत न्हाई. माझी वारी पोचवायची तर कुणाचा तरी पायच धराय पायजे ना?"

पालखीत मूर्ती नसते, पादुका असतात. किलोमीटर मोजत आलो, पण हा सगळा सोहळा पायांचा आहे हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी पाय सैल सोडला.

बाबांनी बँडेजचे वेढे सोडवले आणि नोट खाली पडली. त्यांनी ती उचलली, माझ्याकडे पाहिलं.

"पाय चोळायचं पैसं घेत न्हाई आमी."

ती एसटीसाठी आहे, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांना पटलं नाही. चोळून झाल्यावर तेलकट बोटांनी त्यांनी नोट होती तिथेच ठेवली, बँडेज घट्ट बांधलं आणि त्या पायावर, म्हणजे पाय अधिक ५०० रुपयांवर, डोकं टेकवलं. अशा वेळी काय करावं याचं कलम मला लिहिता आलेलं नाही.

८. दर्शन
वाखरीहून पंढरपुरात शिरलं की पदस्पर्शाची रांग दिसते. नीट सांगायचं तर तिचं शेपूट दिसतं. सुजलेल्या पायानं नामदेव पायरीला डोकं टेकवावं आणि कळसाला हात जोडावेत. असंख्य वारकरी एवढंच करून माघारी फिरतात. मी दोनदा जोडले. एकदा लोणंदच्या गुडघ्यांच्या वतीनं.

९. परतीचा प्रवास
स्टँडवर आडोसा बघून बँडेज सोडावं. कंडक्टरनं माझी नोट हातात घेतली, बोटं चोळली, उजेडात धरली.

"तेल कसलं हो हे?"

"लोणंदचं."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. तिकीट फाडलं, सुट्टे दिले आणि खिडकीजवळची जागा दाखवून म्हणाला, "पाय लांब करून बसा, माउली."

मी केला.