राहुकाळात रीस्टार्ट नाही

कचेरीत संगणकासमोर दिवसभर बसणाऱ्या, पण त्याच्यावर काडीचाही अधिकार नसलेल्या माणसांच्या ज्या अनेक जाती आहेत, त्यांत उज्जैनच्या मुहूर्तवाल्या काकांची जात स्वतंत्र मानावी लागते. शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घराण्यातला हा गृहस्थ घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि संगणकाशी दोन्ही भाषांत बोलतो. टेबलाच्या काचेखाली महाकालाचा फोटो आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली ‘चालू आहे. हात लावू नये.’ ही चिठ्ठी, एवढ्यावरून तो वाचकाला ओळखू यावा.

मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या सुरक्षेसंबंधीच्या दुरुस्त्या पाठवते. त्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला निघत असल्याने तोवर इकडे रात्र होते आणि कचेरीला त्यांचे दर्शन बुधवारी घडते. वापरात असलेल्या फाइली बदलता येत नाहीत, म्हणून संगणक एकदा बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा लागतो. यालाच रीस्टार्ट म्हणतात. त्याला सोयीची वेळ जेवणाच्या सुट्टीची, आणि बुधवारी बारा ते दीड नेमका राहुकाळ.

“काका, रीस्टार्ट मागतोय,” असे ॲडमिनने, म्हणजे सर्व संगणकांचा पासवर्ड ज्याच्या मुठीत असतो त्या तरुणाने, म्हणावे.

“मागू दे की! राहुकाळात का कोणी यंत्र बंद करतं?”

दीडला उद्वेगाचा चौघडिया, म्हणजे दिवसाच्या मुहूर्ताचा एक तुकडा, लागतो, तो तर नावानेच वर्ज्य. तीनला ‘चल’ लागतो, पण तेव्हा साहेब येतात. साडेचारला ‘लाभ’ लागतो, आणि लाभाच्या वेळी यंत्र बंद ठेवणे काकांना घरात आलेल्या लक्ष्मीला दार दाखवण्यासारखे वाटते. ज्या गावावरून प्राचीन भारतीय ज्योतिषाने शून्य रेखांश नेला, त्या गावच्या माणसाने अमेरिकेच्या मंगळवारपुढे मान तुकवू नये, हा युक्तिवाद त्यामागे असतोच. तिथल्याच जयसिंहाच्या वेधशाळेची डागडुजी १९२३ साली माधवराव शिंद्यांनी केली, तोवर तिचे काय अडले होते, असेही ते विचारतात.

कोणी लॉग-इन असेल तर आपोआप रीस्टार्ट करू नये, अशी एक आज्ञा ॲडमिनला सर्व संगणकांना देता येते. ती दिली गेल्याचे काकांना कोणी सांगितलेले नसते, पण कळलेले असते; त्यामुळे ते संध्याकाळी फक्त मॉनिटर विझवून घरी जातात आणि श्रावणात लॉग-इन झालेला त्यांचा संगणक दसऱ्यापर्यंत तसाच जागा राहतो. हा हट्ट निरुपद्रवी मुळीच नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरच्या कचेऱ्यांच्या फाइली ओलीस धरल्या, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडलेली होती.

तरीही काकांवर पुरते रागावता येत नाही, कारण पंचांग त्यांच्या टेबलावर उशिरा आले. विंडोज १०मध्ये ‘कामाचे तास’ मुळात आठ ते पाच धरलेले असतात आणि त्यांची कचेरी सहाला सुटते. ती आज्ञा येण्यापूर्वी एकदा पाच वाजून गेल्यावर पडद्यावर सूचना उमटली, मुदत सरली, आणि शिपायांच्या थकबाकीचे अर्धे बिल, जे त्यांनी एका बोटाने दुपारभर टाइप केले होते, ते गेले. पडद्यावर ‘नंतर’ होते, पण करड्या रंगात, म्हणजे दाबता न येणारे. रात्री साडेनऊपर्यंत बसून त्यांनी ते बिल पुन्हा केले आणि कोणापाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर पंचांग आले. कचेरीत पासवर्डावाचून उघडणारी तेवढीच एक वस्तू होती.

काका निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांचे खाते बंद झाले आणि तो संगणक रात्रभर दुरुस्त्या बसवीत राहिला. चिठ्ठी अजून तिथेच आहे. ॲडमिन आता सर्व संगणक बुधवारी तीन वाजता रीस्टार्ट करतो. जेवणाच्या सुट्टीत का नाही असे कोणी विचारले, तर नेटवर्कवर ताण येतो असे सांगतो.