पुढे सादर

आमच्या तहसील कचेरीत प्रशिक्षण या शब्दाचा अर्थ पूर्वी पुणे असा होता. बाणेर रस्त्यावरच्या यशदात तीन दिवस मुक्काम, वेळच्या वेळी चहा, जेवणात एक गोड पदार्थ, संध्याकाळी तुळशीबाग आणि परतीच्या एसटीत मांडीवर बाकरवडीचे पुडे. भाऊसाहेबांनी अशी अकरा प्रशिक्षणं केली. तिथे काय शिकवलं असं विचारलं, की ते क्षणभर डोळे मिटतात आणि सांगतात, "मठ्ठा उत्तम होता."

मग पुणं मोबाइलमध्ये आलं. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी 'मिशन कर्मयोगी'ला मंजुरी दिली, त्यातून आयगॉट नावाचं पोर्टल निघालं आणि यथावकाश त्याचं पत्र आमच्या बारनिशीत येऊन पडलं. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं, उलटून पाठकोरी बाजूही पाहिली. प्रवासभत्त्याचा परिच्छेद कुठेच नव्हता. "मागचं पान जोडायचं राहिलेलं दिसतंय," म्हणाले.

भाऊसाहेब आमचे अव्वल कारकून. शासनाने या पदाचं नाव 'सहायक महसूल अधिकारी' केलं, पण पाटी बदलायचं टिपण त्यांच्याच टेबलावर असल्यामुळे आम्ही अजून जुनंच म्हणतो. एरवी मात्र त्यांच्या टेबलावर कागद मुक्कामाला राहत नाही. आला, उघडला, डाव्या समासात मुंगीएवढी सही केली, पुढे सादर. कागदात काय आहे ही पुढच्याची काळजी.

संगणकाने त्यांना एकदाच घाम फोडला होता. एमकेसीएलने २००१ मध्ये एमएससीआयटी काढली आणि पुढे ती पास नसल्यास वेतनवाढ रोखायचा नियम आला, तेव्हा. त्या मानाने कर्मयोगी मवाळ. पडद्याच्या कोपऱ्यात 'नेक्स्ट' हे बटण पाहून त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे पुढे सादर ना? मग हे आपलंच काम की!"

त्यांची अभ्यासाची पद्धत अशी. मोबाइल 'अ' वर्गाच्या कायम अभिलेखांना टेकवायचा, आवाज बंद करायचा आणि व्हिडिओ लावून फेरफाराच्या नोंदी बघायला घ्यायच्या. एकदा समोर ताटकळलेला शेतकरी न राहवून म्हणाला, "भाऊसाहेब, त्या बाई काहीतरी विचारतायत तुम्हाला."

"विचारू द्या. उत्तरं ग्रुपवर येतात."

ग्रुपवर 'बी, डी, ए, ए, सी' असा तारेसारखा मजकूर येई. या पाच अक्षरांवर भाऊसाहेब ताणतणाव व्यवस्थापनात उत्तीर्ण झाले. कामाच्या जागी योगासनं कशी करावीत हा अभ्यासक्रम तर त्यांनी खुर्चीतून न उठता, वडापाव खात पार पाडला. पोर्टल त्याबद्दल 'कर्मा पॉइंट्स'ही देतं. फळाची अपेक्षा न धरणारा कर्मयोगी त्यांना गीतेतून ठाऊक होता; न मागता फळ थेट खात्यावर जमा होतं, हे ज्ञान मात्र नवं होतं. मला वाटतं, पोर्टलवर त्यांनी खरोखर शिकलेली गोष्ट हीच.

१९ ऑक्टोबर २०२४ पासून 'कर्मयोगी सप्ताह' झाला. प्रत्येकाने किमान चार तास शिकायचं. सप्ताह म्हटल्यावर भाऊसाहेबांना हरिनाम सप्ताहच आठवला आणि त्यांनी वीणेला लावतात तसा मोबाइलला पहारा लावला. दोन शिपाई, एक कोतवाल, आळीपाळीने. पडदा काळा व्हायला आला की बोट लावायचं. कोतवालाने इमानाने सगळं ऐकलं. माहितीच्या अधिकारातलं कुठलंही कलम आता तो चहा देता देता सांगतो, पण प्रमाणपत्र भाऊसाहेबांच्या नावाचं.

प्रमाणपत्रांची त्यांनी स्वतंत्र नस्ती उघडली आहे. 'कागदविरहित कार्यालय' या विषयाच्या प्रमाणपत्राच्या तीन प्रती काढल्या. एक नस्तीला, एक सेवापुस्तकाला, एक घरी लॅमिनेट करून.

आमच्याकडे नव्याने लागलेला महसूल सहायक इंजिनिअर आहे. तो एकटा कानात इअरफोन घालून सगळं मनापासून ऐके, वहीत टिपून घेई. सायबर सुरक्षेची त्याची टिपणं तर तीन रंगांच्या शाईत होती. एका दुपारी कचेरीतल्या सगळ्यांना एकदमच मेसेज आला: कोषागारात आपली माहिती अपूर्ण, पगार थांबेल, खालील लिंकवर त्वरित भरा. पोराच्या गाडीचा हप्ता दुसऱ्या दिवशी होता. 'पगार थांबेल' वाचल्यावर तिन्ही शाया पुसल्या गेल्या. नऊ हजार गेले.

आम्ही भाऊसाहेबांकडे धावलो. मेसेज त्यांनाही आला होता.

"आला ना. पण आवक क्रमांक नाही, खाली सही नाही, गोल शिक्का नाही. आणि 'त्वरित' लिहिलंय. कोषागाराने आजवर कुणाला त्वरित काही कळवलंय का? असल्या कागदाला मी हात लावत नसतो."

ही गोष्ट प्रांतसाहेबांच्या कानावर गेली. आठवड्याभरात पत्र आलं: सायबर सुरक्षेत पूर्ण गुण आणि प्रत्यक्ष दक्षता, सबब भाऊसाहेबांनी उपविभागातल्या सर्व कर्मचाऱ्यांना तासभर मार्गदर्शन करावं.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, पत्र सावकाश वाचलं. मार्गदर्शन ऑनलाइन होतं, आपापल्या टेबलावरूनच. त्यांनी पत्र उलटून पाठकोरी बाजू पाहिली. मग डाव्या समासात मुंगीएवढी सही केली आणि कागद इंजिनिअरच्या टेबलाकडे सरकवला.