भागाकार बुद्रुक, भागाकार खुर्द

अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द: नाव एक, गावं दोन. पत्त्यातला पुढचा शब्द गाळलात, तर पाकीट भलत्याच वेशीवर. पडद्यावर चौकोन जोडून आवाज घडवणाऱ्या मॅक्स आणि प्युअर डेटा या संगणक-प्रणालींचं हेच. जनक एकच, मिलर पकेट. थोरलं मॅक्स १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत जन्मलं, धाकटं प्युअर डेटा १९९० च्या दशकात.

भागाकाराचा चौकोन दोघांकडे सारखाच. त्यात २ लिहा आणि मिनिटाला १२५ ठोक्यांची लय निम्मी करायला सांगा. प्युअर डेटा मुकाट ६२.५ देतं. मॅक्स ६२ हातावर ठेवतं. अर्धा ठोका परस्पर गिळंकृत, आणि वर चकार शब्द नाही! यात्रेसाठी संगणकावर हलगी बसवणारा मग ताल कुठे सुटला ते रात्रभर शोधत बसतो. इलाज काय, तर २ पुढे एक टिंब. तेवढं दिलं की मॅक्सला अपूर्णांक आठवतो. मॅक्सचे चौकोन प्युअर डेटात आणणारा ‘सायक्लोन’ नावाचा संचही आहे. म्हणजे एकाच बापाच्या लेकरांना एकमेकांशी बोलायला दुभाषा लागतो.

तेव्हा चिन्ह जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आधी पाचाला दोनाने भागून बघा, मगच ढोल वाजवा.