फाटेकर

महाराष्ट्रातली पहिली एस.टी. 1 जून 1948 रोजी नगरहून पुण्याला सुटली. तेव्हापासून नगरचा माणूस पुण्याला राहायला जाणारच आहे. काही गेले, काही जाऊन परत आले आणि काही अजून तयारीत आहेत. या तिसऱ्या जातीला आमच्या सावेडीतल्या कॉलनीत 'फाटेकर' म्हणतात. फाट्यावर उभं राहून दोन्ही बाजूंच्या गाड्यांना हात करायचा, आणि गाडी थांबली की "जाऊ द्या, मागून रिकामी येतीये" म्हणायचं, तो फाटेकर. प्रत्येक कॉलनीत एखादा असतोच. आमच्याकडे चार आहेत, पण अस्सल म्हणावेत असे एकच, ते म्हणजे तात्या.

तात्या 2014 साली जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. मुलगा पुण्याला, वाघोलीत. मुलगी औरंगाबादला, सिडकोत. नगर ते पुणे सुमारे 120 किलोमीटर आणि नगर ते औरंगाबाद सुमारे 115. हा पाच किलोमीटरचा फरकच तात्यांच्या मुळावर आला. अंतर अगदी सारखं असतं तर नाणं उडवून मोकळे झाले असते. फरक मोठा असता तरी प्रश्न नव्हता. "पाच किलोमीटर म्हणजे काहीच नाही हो," तात्या म्हणतात, "पण आहे तर खरं!"

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कापडी बांधणीची दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर पुणे, उजव्या पानावर औरंगाबाद. हवा, पाणी, दवाखाने, भाजीचे दर, गॅस सिलिंडर किती दिवसांत येतं, शेजार कसा आहे, शेवटी शेवटी स्मशानभूमी किती लांब आहे, सगळं. जिल्हा परिषदेत तीस-पस्तीस वर्षं टिपण्या लिहिलेला माणूस. प्रत्येक मुद्द्याखाली 'सबब, विचारार्थ सादर' असं लिहून सही करतो. सादर करणारे तेच, विचार करणारेही तेच. फक्त मंजुरीचा शेरा मारणारा साहेब आता कुठे उरला नाही, ही खरी अडचण.

एकदा मी वही चाळून म्हटलं, "तात्या, यात नगरला पानच नाही."

"नगरचं काय लिहायचं? नगरला आपण राहतोच की."

2023 साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. तात्यांनी पट्टी घेऊन उजव्या बाजूच्या प्रत्येक पानावरचं जुनं नाव लाल शाईनं खोडलं आणि वर नवं लिहिलं. त्यात पंधरवडा गेला. पुढच्या वर्षी आमच्या नगरचंच अहिल्यानगर झालं, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावरचा पत्ता बदलला. जिथून निघायचं त्या गावाचं नाव बदललं, जिथं पोचायचं त्यातल्या एकाचंही बदललं, आणि तात्या जिथल्या तिथं. सक्कर चौकातल्या उड्डाणपुलाची आम्ही वर्षानुवर्षं वाट पाहिली, 2022 साली तोही झाला. तो झाला त्या संध्याकाळी तात्या मला म्हणाले, "बघा, घाई केली असती तर हा पूल बघायला मिळाला नसता."

पाण्याचं पान मात्र वाचण्यासारखं आहे. कुकडीचं पाणी पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून आपल्या पारनेर-श्रीगोंद्याकडे येतं, आणि आपल्या मुळा-भंडारदऱ्याचं पाणी समन्यायी वाटपात खाली जायकवाडीला सोडतात, ज्यावर संभाजीनगर पितं. प्रत्येक आवर्तनाला मोर्चा, प्रत्येक मोर्च्यानंतर बैठक. यावरून तात्यांनी सिद्धान्त काढला आहे. पाणी पुण्याकडून इकडे येतं नि इथून संभाजीनगरला जातं, म्हणजे निसर्गाचा कल उजव्या पानाकडे आहे. हे ठरून आठवडा झाला नाही, तोच मुलीचा फोन आला, की त्यांच्याकडे नळ सहा दिवसांनी आलाय. तात्यांनी निसर्गाचा कल खोडला. मग वाघोलीला मुलाकडे गेले. अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहिलं, तर सोसायटीच्या फाटकाशी टँकरची रांग. वहीत नोंद झाली : 'पाणी, उभयपक्षी सारखेच. सबब, विचारार्थ सादर.' हे सगळं लिहिताना आपल्या घरात मुळा धरणाचं पाणी येतं, हे त्यांच्या लक्षात होतं की नाही, कोण जाणे.

वाघोलीच्या त्या दौऱ्यात मी बरोबर होतो. स्वस्तिक चौकाच्या स्थानकावरून सकाळी सातची गाडी पकडली. सुपा येईपर्यंत तात्या पूर्णपणे पुण्याच्या बाजूचे होते. "दवाखाने पुण्यातच, भाऊ. वयाला दवाखाना जवळ पाहिजे." शिरूरला घोड नदी ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरलो तेव्हा त्यांनी खिडकीची काच पुसली, जणू आपली जमीन बघतायत. रांजणगावच्या गणपतीला बसल्या जागेवरून हात जोडले. मग शिक्रापूर आलं आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला एका दुचाकीवर चौघं आणि गॅसची टाकी. नगरपासून शिक्रापूरला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच शिक्रापूरहून वाघोलीला लागला. तात्या शांतपणे म्हणाले, "दवाखाना जवळ पाहिजे खरा. पण दवाखान्यात पोचलंही पाहिजे ना."

पुढच्याच महिन्यात तारकपूरहून संभाजीनगर. इमामपूरचा घाट, पांढरीपूल, घोडेगाव. रस्ता मोकळा, तात्या खुशीत. नेवासा फाट्यावर गाडी चहाला थांबली. एक वाट ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाकडे, एक शेवगावकडे, एक मागे नगरला, एक पुढे प्रवरासंगमाकडे. तात्या मधोमध उभे राहून कपातला चहा चारी दिशांना बघत प्याले. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत समाधानाची दहा मिनिटं असावीत. कंडक्टरनं तीनदा बेल दिली तेव्हा कुठे आत आले.

संभाजीनगरची अडचण वेगळीच. लेक प्रेमळ, जावई त्याहून प्रेमळ. पण मुलीकडे दोन दिवसांत तात्यांनी एकदाही फ्रीज उघडला नाही, मोठ्यानं ढेकर दिली नाही, आणि टीव्हीवर कुस्त्या लागल्या होत्या तरी जावयासाठी क्रिकेट पाहिलं. "जावयाच्या गावात राहायचं म्हणजे माणसानं कायम इस्त्रीचा शर्ट घालून बसायचं," परतताना म्हणाले. मुलाकडे हा त्रास नाही. तिथे सूनबाई इस्त्रीचा शर्ट घालून बसते.

मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मला एकदा वाटलं, याला दाखल्यानं पटेल. म्हटलं, "तात्या, ज्या मलिक अहमद निजामशहानं हे गाव वसवलं, त्याचं बस्तान जुन्नरला होतं आणि मन दौलताबादवर. त्यानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस दोन्हींच्या साधारण मधोमध हे नगर वसवलं, आणि इथून 1499 साली दौलताबाद घेतलंसुद्धा. पुढे 1600 साली नगरचा किल्ला मोगलांकडे गेला, तर मलिक अंबरानं 1610 मध्ये तिकडे खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद. आणि आता ज्यांचं नाव गावाला दिलं, त्या अहिल्याबाई आपल्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या. त्यांनी इंदूर मागे ठेवून महेश्वरला राजधानी केली. जुनं नाव घ्या नाहीतर नवं. गावाला ज्यांची नावं, त्या दोघांनीही बिऱ्हाड हलवून दाखवलंय."

तात्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "त्यांना जिना चढायचा होता का? लिफ्ट बंद पडली तर?"

माझाच मूर्खपणा. जुन्नर आणि दौलताबादच्या मधोमध गाव वसवणारा माणूस आमचा मूळपुरुष म्हटल्यावर मध्ये उभं राहणं आमच्या पाण्यातच असणार. आमचा जिल्हाच बघा. सतरा हजार चौरस किलोमीटर, क्षेत्रफळात राज्यात सर्वांत मोठा. त्याचं विभाजन करायचं, हे माझ्या लहानपणापासून ऐकतोय. पण नव्या जिल्ह्याचं ठाणं श्रीरामपूरला की संगमनेरला, यावर घोडं अडलंय ते अडलंच आहे. मधून मधून शिर्डीचंही नाव निघतं, म्हणजे फाट्याला तिसरी वाट. तात्यांना मी हसतो, पण तात्या म्हणजे अख्खा जिल्हाच लुंगी नेसून ओट्यावर बसलेला आहे.

गंमत म्हणजे दुसऱ्याचा निर्णय तात्या चुटकीसरशी घेतात. पुण्याहून एक निवृत्त जोडपं गर्दीला कंटाळून आमच्या बाजूला घर बघायला आलं. शिरूरला राहावं की नगरला, असा त्यांचा पेच. तात्यांनी चहा संपायच्या आत पेच सोडवला. "नगर. पाणी आहे, बाजार आहे, गाडी दोन्हीकडं आहे. अहो, अमेरिकेतनं माणसं मेहेरबाबांसाठी अरणगावला येऊन राहतात, तुम्ही पुण्यातनं येताय. उद्याच बयाणा द्या." त्यांनी दिला. आता ते शेजारी राहतात आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन तात्यांना विचारतात, "मग, तुमचं पुण्याचं कुठवर आलं?"

या सगळ्यात काकूंचं काय? काकूंनी 2016 साली, म्हणजे तात्यांचं 'जवळजवळ नक्की' झालं तेव्हा, माळ्यावरची भांडी खोक्यांत भरली होती. खोक्यांवर तात्यांनी ठळक अक्षरांत 'पुणे' लिहिलं. दोन महिन्यांनी त्याखाली कंसात 'किंवा औरंगाबाद' आलं. 2023 मध्ये तेही खोडून दुरुस्त झालं. दर दिवाळीला काकू 'पुणे किंवा' लिहिलेल्या खोक्यातून चकलीचा सोऱ्या काढतात, फराळ झाला की धुऊन-पुसून परत ठेवतात. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झाल्यापासून त्या महिन्यातून एकदा वाघोलीला आणि एकदा सिडकोला एकट्या जाऊन येतात. तात्या बरोबर जात नाहीत. त्यांनाही अर्धंच तिकीट आहे, पण पंच्याहत्तरीनंतर पूर्ण फुकट, म्हणजे पाहणी-दौरे 2031 नंतर करणं किफायतशीर पडेल, अशी नोंद वहीत आहे.

परवा सकाळी मी पेपर मागायला गेलो, तर अंगणात काकू हातानं माती दाबत होत्या. खड्डा ताजा, शेजारी शेणखताची पाटी. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आंब्याचं कलम आणलं होतं, एकट्याच जाऊन.

तात्या ओट्यावरून म्हणाले, "अगं, आधी विचारायचंस तरी. हापूस घ्यायचा की केशर, जरा बघितलं असतं."

"केशर," काकू म्हणाल्या. "लावला."

"फळ कधी धरतो?"

"चार-पाच वर्षं म्हणाले."

तात्या थोडा वेळ कलमाकडे बघत बसले. मग आत जाऊन वही घेऊन आले, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. डावं पान बघितलं, उजवं पान बघितलं. पुन्हा डावं. मी पेपर वाचून घडी करून ठेवला, तरी पेन हातात तसंच होतं. आंबा कुठल्या पानावर लिहायचा, ते त्यांना सापडत नव्हतं.