पाळणा घराणं

गाण्याच्या मैफलीत दुसऱ्या रांगेत एक गृहस्थ हमखास बसलेले असतात. बुवांनी षड्ज लावायच्या आत ते शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, “हे ठीक आहे हो, पण यांच्या गुरूंना ऐकलंय का तुम्ही?” आपण ‘नाही’ म्हणालो की त्यांचा चेहरा असा फुलतो, की पुढे गाणं झालं नाही तरी त्यांचे पैसे वसूल. हे पीक फक्त संगीतातच येतं, अशी माझी इतके दिवस समजूत होती. गेल्या रविवारी भाच्याकडे चहाला गेलो आणि कळलं, की पाळण्यांचंही घराणं असतं.

भाच्याचं वय पस्तीस, पगार चांगला, गुडघे अजून शाबूत. तशाच शाबूत गुडघ्यांचे आणखी चौघे त्याच्या दिवाणखान्यात जमले होते. चेहऱ्यांवरचं गांभीर्य पाहून वाटलं, सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक असावी. पण विषय होता रोलर कोस्टर. “पहिला ड्रॉप बरा आहे, पण पुढे एअरटाइमच नाही,” एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी दुखवट्याला आल्यासारख्या माना हलवल्या. एअरटाइम म्हणजे काय, हे मी विचारून घेतलं. गाडी उंचवटा ओलांडून खाली येताना बूड आसनावरून सुटतं, तो क्षण. आपल्याकडे एकदा टेकलेलं बूड आसनावरून सुटणं किती दुर्मीळ, हे रोजचा पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. त्यासाठी लोक तिकीट काढतात, यात नवल ते काय!

मग मोजणी सुरू झाली. ही मंडळी आयुष्यात बसलेल्या प्रत्येक रोलर कोस्टरची नोंद ठेवतात, त्याला ‘क्रेडिट’ म्हणतात. अमेरिकेत तर 1978 पासून कोस्टरप्रेमींची रीतसर संघटना आहे. आपले लोक किल्ले मोजतात, अष्टविनायक मोजतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे देव नाही आणि इतिहास तीन मिनिटांत संपतो. वाद पेटला तो लहान मुलांच्या सुरवंटाच्या आकाराच्या गाडीवरून. ती मोजायची की नाही? एका पक्षाचं म्हणणं, रूळ आहेत, उतार आहे, म्हणजे मोजायची. दुसरा पक्ष म्हणाला, इभ्रत आहे की नाही? त्यातून असंही उघड झालं, की एका सभासदाने मोठ्या माणसाला एकट्याने बसू देत नाहीत म्हणून मेव्हणीचा मुलगा उसना नेला होता. मूल रडत होतं, याची नोंद वहीत नाही.

इतिहासाकडे वळल्यावर तर मंडळींना कंठच फुटला. एस्सेलवर्ल्ड हे या घराण्याचे थोरले बुवा. 1989 साली मुंबईत गोराईला सुभाष चंद्र यांनी ते मनोरंजन उद्यान उभारलं. बोरिवलीहून किंवा मार्वेहून बोटीने जायचं. आधी खाडीचा वास, मग पाळणे. अनेकांच्या पोटातलं तिथे पोचण्याआधीच बाहेर आलेलं असे, त्यामुळे पाळण्यांचं काम सोपं व्हायचं. तिथून घरी जायचंच नाही, असं बजावणारी त्यांची जाहिरात तेव्हाच्या प्रत्येक पोराला पाढ्यांपेक्षा पक्की पाठ. गंमत अशी, की ज्यांनी 1989 साली लोकांना घरी जायचंच नाही असं शिकवलं, त्यांनीच 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही सुरू केला आणि सगळ्यांना घरी आणून बसवलं. ते अजून उठलेले नाहीत.

दुसरी गंमत त्याहून मोठी आहे. एस्सेलवर्ल्डच्या अगदी शेजारी ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. म्हणजे कुंपणाच्या एका बाजूला माणसं पैसे देऊन किंचाळत होती आणि दुसऱ्या बाजूला, जिथे पैसे घेत नाहीत, तिथे गप्प बसत होती. आता किंचाळणारी बाजू थांबली आहे. करोनानंतर एस्सेलवर्ल्डचे पाळणे काही सावरले नाहीत. शेजारी 1998 साली आलेलं वॉटर किंगडम तेवढं तग धरून राहिलं. गप्प बसणाऱ्यांचं कसं, आपल्याकडे नेहमीच बरं चालतं.

“मामा, त्या काळी काय शिस्त होती!” भाचा म्हणाला. हा काळ त्याच्या जन्मापासून सुरू होतो. “आता काही राहिलं नाही.”

ही ‘आता काही राहिलं नाही’ची पट्टी प्रत्येक देशात लागते, असं मंडळींच्या बोलण्यावरून दिसलं. पण जुन्या काळात तरी काय होतं? 17 जुलै 1955 रोजी वॉल्ट डिस्नेचं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा खोट्या पासांवर हजारो लोक आत घुसले. नळकाम करणाऱ्यांचा संप झालेला, म्हणून पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे. डांबर ताजं, ऊन कडक, त्यामुळे बायकांच्या उंच टाचा रस्त्यात रुतल्या. फुकट पास, कोरडे नळ आणि उद्घाटनाच्या मुहूर्तासाठी घाईने ओतलेलं डांबर! वर्णन वाचून आपल्याला परदेशी गेल्यासारखं वाटतच नाही. आज त्याच दिवसाच्या आठवणीने जगभरचे भाविक डोळे पुसतात.

त्याहून मागे जायचं, तर पाळण्यांचा आद्यपुरुष फेरिस. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात त्याने 264 फूट उंच चक्र उभं केलं. 36 डबे, डब्यात 60 माणसं, म्हणजे एका वेळी 2160 माणसं हवेत. लोक थक्क झाले. फेरिस मात्र पैशांच्या दाव्यांत अडकला आणि तीनच वर्षांनी, वयाच्या 37 व्या वर्षी गेला. ते चक्र 1906 साली सेंट लुईस गावात सुरुंग लावून पाडलं. अमेरिकेतला ‘किंगडा का’ हा 456 फूट उंचीचा, तेव्हाचा जगातला सर्वांत उंच रोलर कोस्टर 2005 साली आला आणि 2025 च्या फेब्रुवारीत त्याचीही गत तीच झाली. दिल्लीचं अप्पूघर 1984 ते 2008 चाललं. मग ती जागा मेट्रो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराकडे गेली. तिथे गोल गोल फिरणं आणि ताटकळणं दोन्ही होतं, एवढंच म्हणतो. पुढचं म्हणत नाही.

खोपोलीच्या इमॅजिका उद्यानापाशी मंडळी पोचली, तेव्हा चहाची दुसरी फेरी झाली. 2013 साली मनमोहन शेट्टींनी ते उघडलं, पुढे कर्जाचा डोंगर झाला आणि 2022 साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते घेतलं. भाच्याच्या मित्रांनी याची पेशवाईसारखी कालविभागणी केली आहे: शेट्टीकाल आणि मालपाणीकाल. शेट्टीकालातला रंग कसा होता, यावर अर्धा तास गेला. मालपाणींचं नाव गाय छाप जर्द्यामुळे घरोघरी पोचलेलं. चुन्याबरोबर मळलेली चिमूट आणि उलटंपालटं करणारी गाडी, दोन्हींचं काम डोकं गरगरवायचंच. तिथला ‘नायट्रो’ हा कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा. त्याच्या गाडीला तळच नाही, पाय अधांतरी लोंबतात. कर्जही बहुधा त्याच बैठकीवर घेतलं असावं.

एका बाबतीत मात्र या रसिकांनी माझे डोळे उघडले. मी तक्रार केली, की मागे एका उद्यानात गेलो होतो, तिथे गाडी मधेच थांबली आणि आम्ही वीस मिनिटं वर लटकलो. त्यावर सगळे खूश. “म्हणजे यंत्रणा चालू होती!” भाच्याने समजावलं: रूळमार्गाचे भाग पाडलेले असतात, रेल्वेच्या सिग्नलसारखे. एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढचा भाग मोकळा आहे अशी खात्री पटली नाही, तर यंत्र मागच्या गाडीला आपोआप थांबवतं. सकाळी फाटक उघडायच्या आधी माणसं रूळ, चाकं, पट्टे तपासतात, रिकामी गाडी फिरवतात. संशय आला की थांबायचं, हा तिथला नियम. सबंध महाराष्ट्रात संशय आला म्हणून एखादी गोष्ट थांबली, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आपल्याकडे संशय आला की समिती नेमतात आणि गाडी चालू ठेवतात.

पण घराण्यातले हे बारकावे आपल्या सामान्य कुटुंबाच्या कामाचे नाहीत. त्याच्या दृष्टीने मनोरंजन उद्यानाचे विधी तीन. पहिला विधी फाटकावर. घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे सकाळी पाचला उठून केलेल्या पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि गूळपापडीच्या वड्या गाडीच्या डिकीवर मांडून वाहनतळातच संपवाव्या लागतात. मग जड पोटाने माणूस उलटा व्हायला जातो. दुसरा विधी रांगेचा. त्या उद्यानात मी एक तास पन्नास मिनिटं उभा राहिलो आणि, लटकलेली वीस मिनिटं सोडली, तर दोन मिनिटं बसलो. बाजूने जादा पैसे भरलेली मंडळी सरळ पुढे जात होती. डिस्नेने 1999 साली रांग चुकवणारी चिठ्ठी काढली ती फुकट होती. 2021 पासून तिच्या जागी पैशांची सोय आली. त्यांना एवढं सुचायला 22 वर्षं लागली. आपल्या देवस्थानांकडे आधीच चौकशी केली असती, तर वेळ वाचला असता.

तिसरा विधी मुखदर्शनाचा. पंढरपुरात जसं पदस्पर्श दर्शन आणि मुखदर्शन असतं, तसं इथेही आहे. तरुण मंडळी पदस्पर्शाच्या बारीत उभी राहतात. आजी, आजोबा आणि पाठीला पट्टा बांधलेले मामा खाली बाकावर बसून मुखदर्शन घेतात. त्यांच्या मांडीवर सात पिशव्या, चार चष्मे, दोन मोबाइल आणि एका चपलेचा अर्धा जोड असतो. वर किंचाळणाऱ्या ठिपक्यांपैकी आपला ठिपका कोणता, हे शोधत ते दिवसभर हात हलवतात. तिकिटात त्यांना ज्येष्ठांची सवलत मिळते. हमालीचा दर मात्र कुठेच लिहिलेला नसतो.

निघताना मी भाच्याला सहज विचारलं, “तू एस्सेलवर्ल्डला शेवटचा कधी गेला होतास रे?”

तो जरा थांबला. “सातवीच्या सहलीला.”

“आणि तुम्ही?” बाकीच्या चौघांकडे पाहिलं. एक नववीच्या सहलीला. एक जण मामेबहिणीच्या वाढदिवसाला, कंपनीच्या फुकट पासावर. एक जण गेलाच नव्हता, पण त्याला जाहिरात पूर्ण येत होती. मेव्हणीचा मुलगा उसना नेणारे गृहस्थ म्हणाले, “जायचं नेहमी ठरायचं हो, पण बोटीचा कंटाळा.” तीच बोट, जिच्या आठवणीने मघाशी त्यांचा गळा दाटला होता.

“पण बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा मी स्टेटस ठेवलं होतं,” भाचा म्हणाला. “काळा चौकोन.”

आता मला त्या मैफलीतल्या गृहस्थांचा उलगडा झाला. थोरल्या बुवांचं गाणं ऐकायला तेही गेले नव्हते. तेव्हा ते त्यांच्याही थोरल्यांची आठवण काढत घरी बसले होते. इराणी हॉटेल बंद झाल्यावर तिथल्या बनमस्क्याची आठवण काढतात ती याच घराण्याची माणसं. मराठी शाळेला कुलूप लागल्याची हळहळ इंग्रजी शाळेच्या पालकसभेतून बाहेर पडताना व्यक्त करतात तीही हीच. आपलं प्रेम खरं असतं, फक्त ते मयताला जातं, बारशाला जात नाही. पाळणा मात्र बारशालाच लागतो. आणि आठवणीला तिकीट नसतं, त्यामुळे तिच्यावर विजेचं बिल भागत नाही, वंगण येत नाही आणि सकाळी सहा वाजता रुळावर चढून नट-बोल्ट तपासणाऱ्याचा पगारही होत नाही.

तेव्हा वाचकहो, जे पाळणे अजून फिरताहेत, त्यांच्या मयताची वाट न बघता एकदा जाऊन या. फक्त रविवारी नको. परीक्षांच्या दिवसांतला एखादा मंगळवार गाठा, रांग कमी असते. आणि घरून निघतानाच पोटभर खाऊन निघा, पण गूळपापडी परतीच्या वाटेसाठी ठेवा.